संकुलाच्या आडून शाळाबंदी

सरकारी कागदांवर एखादा शब्द वरचेवर दिसू लागला, की तो कोठून आला आणि त्याच्या पोटात काय आहे याची चौकशी करणे नागरिकांचे कर्तव्य ठरते. आमच्या भंडारा जिल्ह्यातील पालकांच्या व शिक्षकांच्या कानी गेल्या काही वर्षांत ‘समूह शाळा’ हा शब्द असाच वारंवार पडू लागला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तालयाने २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्याजिल्ह्यांतून मागवले. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत ही दोन उदाहरणे कित्ता म्हणून पुढे ठेवण्यात आली. अशा लहान शाळांची राज्यातील संख्या १४ हजार ७०० हून अधिक असून त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकतात, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. म्हणजे सरासरीने एका शाळेत बारा-तेरा मुले. हिशेबनिसाच्या दृष्टीने हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, यात शंका नाही. आम्हाला विचारायचे आहे ते इतकेच, की गावची शाळा ही हिशेबनिसाच्या वहीतील एक नोंद आहे काय?

या धोरणाचे समर्थक हा प्रश्न मोठ्या खुबीने टाळतात. ते म्हणतात, समूह शाळा ही काही आमची नवी टूम नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळा-संकुलाची कल्पना आहे, आणि ती तर थेट १९६४-६६ च्या कोठारी आयोगाची. एवढे थोर नाव घेतल्यावर खेड्यातील पालकाने बोलायचे तरी काय? वस्तुतः येथेच बोलणे अवश्य आहे. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव, त्याच्या अहवालाच्या लेखनाचा मोठा भार वाहणारे जे. पी. नाईक हे याच महाराष्ट्राचे सुपुत्र होते. त्यांच्या आयुष्याची आणि विचारांची ज्याला तोंडओळख आहे, तो जाणतो की लहान शाळेला कुलूप लावण्यासाठी त्यांच्या संकुलाचा दाखला देणे म्हणजे विहीर खणणाऱ्याच्या नावाने विहीर बुजवण्यासारखे आहे.

नाईक कोण होते, हे आजच्या तरुण शिक्षकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. डी.एड. आणि बी.एड.च्या परीक्षांपुरते कोठारींचे नाव पाठ होते; नाईकांचे तेवढेही होत नाही. ५ सप्टेंबर १९०७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडी या लहानशा खेड्यात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. जयंत पांडुरंग नाईक हे नाव त्यांनी पुढे धारण केले आणि त्याच नावाने ते जगाला माहीत झाले. १९३० च्या सुमारास कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला. सुटकेनंतर बुद्धिमान पदवीधराला शोभेल अशी शहरातील नोकरी न धरता ते धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या खेड्यात जाऊन राहिले आणि साक्षरता, आरोग्य व ग्रामसुधारणा यांत त्यांनी स्वतःला गाडून घेतले. पुढे कोल्हापूर संस्थानातील विकासकार्य, १९४८ साली मुंबईत स्थापन झालेली भारतीय शिक्षण संस्था, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाची उभारणी, दिल्लीच्या शिक्षण मंत्रालयातील सल्लागारपद, कोठारी आयोग, आणि १९६९ साली स्थापन झालेल्या भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेचे सदस्य-सचिवपद, असा त्यांचा प्रवास झाला. १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३० ऑगस्ट १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. युनेस्कोने १९९० च्या दशकात जगातील शंभर शिक्षणचिंतकांची जी चरित्रमाला प्रसिद्ध केली, तीत प्लेटो, कन्फ्यूशियस, गांधी, टागोर यांच्या पंगतीत बहिरेवाडीच्या या माणसाला पान मिळाले.

आंतरराष्ट्रीय कीर्तीचे शिक्षणसल्लागार आज पुष्कळ आहेत. विमानतळावरून ते थेट मंत्रालयात येतात, पडद्यावर आलेख दाखवतात आणि परत जातात. त्यांच्या सल्ल्यामागे बहुधा एखाद्या कर्जाचा करार असतो, आणि करारातील अटी मोजता येण्याजोग्या असाव्या लागतात. नाईकांच्या सल्ल्याचे गोत्र वेगळे होते. आधी खेडे, मग जिल्हा, मग राज्य, मग देश आणि शेवटी आशिया खंड, अशा क्रमाने ते चढत गेले. युनेस्कोच्या पुढाकाराने १९६० साली जी कराची योजना आकाराला आली, तिने आशियातील प्रत्येक मुलाला १९८० पर्यंत किमान सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे स्वप्न पाहिले होते. युनेस्कोच्या त्या काळातील आशियाई कार्याशी नाईकांचा निकटचा संबंध होता. परंतु त्या बैठकांमध्ये बोलताना त्यांच्या डोळ्यांपुढे उप्पिन बेटगेरीचे पोर असले पाहिजे, असे त्यांचे सारे लेखन वाचताना वाटत राहते.

लहान शाळांचा प्रश्न नाईकांना नवा नव्हता. १९२९ साली हार्टॉग समितीने हिंदुस्थानातील प्राथमिक शिक्षणाचा आढावा घेऊन असा निष्कर्ष काढला, की शाळांचा विस्तार घाईने झाला आहे, पैसा वाया जात आहे, तेव्हा आता विस्तार थांबवून एकत्रीकरण करावे आणि गुणवत्तेकडे लक्ष द्यावे. कानाला हे किती गोड लागते! गुणवत्तेला कोण नको म्हणणार? परंतु ज्या देशात दहापैकी नऊ माणसे निरक्षर होती, त्या देशाला ‘शाळा फार झाल्या’ असे सांगितले जात होते. नाईकांनी सय्यद नुरुल्ला यांच्यासह ब्रिटिश काळातील भारतीय शिक्षणाचा जो इतिहास लिहिला आणि १९४३ साली प्रसिद्ध केला, त्यात या एकत्रीकरणाच्या धोरणावर कठोर टीका आहे. गुणवत्तेचे नाव घेऊन विस्ताराची वाट अडवली, की ज्यांना शाळा मिळालीच नव्हती ते कायमचे बाहेर राहतात, हे त्यांनी पारतंत्र्यात ओळखले होते. स्वातंत्र्यानंतर एकशिक्षकी शाळेवर त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. विरळ वस्तीच्या देशात अशी शाळा अटळ आहे. तेव्हा तिला हिणवण्यापेक्षा ती नीट कशी चालेल याचे शास्त्र बनवावे, अशी त्यांची धारणा होती. हार्टॉग समितीची भाषा आणि २०२३ च्या पत्राची भाषा शेजारी शेजारी ठेवून पाहावी. राज्यकर्ते बदलले, सबब बदलली नाही.

आता संकुलाकडे वळू. १४ जुलै १९६४ च्या ठरावाने कोठारी आयोग नेमला गेला आणि २९ जून १९६६ रोजी त्याने अहवाल सादर केला. सतरा सदस्यांत इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स, सोव्हिएत रशिया आणि जपान येथील तज्ज्ञही होते. त्या आयोगाने मांडलेले शाळा-संकुल असे होते: मध्यभागी एक माध्यमिक शाळा, तिच्या परिसरात उच्च प्राथमिक शाळा, आणि अशा प्रत्येक उच्च प्राथमिक शाळेभोवती दहाएक लहान प्राथमिक शाळा. माध्यमिक शाळेची प्रयोगशाळा, ग्रंथालय, विषयशिक्षक आणि मुख्याध्यापकांचे मार्गदर्शन यांचा लाभ भोवतालच्या सर्व लहान शाळांना मिळावा. कोपऱ्यात एकट्या पडलेल्या शिक्षकाला सहकारी मिळावेत. आजूबाजूच्या शाळांनी एकमेकींचा हात धरून चालावे. या संपूर्ण योजनेत लहान शाळा बंद करण्याची कल्पना नाही. किंबहुना लहान शाळा टिकावी म्हणूनच मोठ्या शाळेवर तिची जबाबदारी टाकलेली आहे. सधन भावाने निर्धन भावाला आधार द्यावा असे आयोग सांगतो. आमचे शिक्षण खाते त्याचा अर्थ असा लावते, की निर्धन भावाचे घर मोडून त्याच्या लेकरांना सधन भावाच्या ओसरीवर आणून बसवावे.

२०२० चे धोरणही येथे निर्दोष नाही. त्यात संकुल आणि एकत्रीकरण या दोन गोष्टी एकाच प्रकरणात नांदतात. एकत्रीकरण अत्यंत विचारपूर्वक करावे, मुलांची शाळेपर्यंतची पोहोच त्यामुळे कमी होऊ नये, अशी पुस्ती धोरणात आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु पुस्ती दिल्लीत राहते आणि परिपत्रक गल्लीत येते. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख यांची व्यवस्था उभी राहिली, तेव्हा नाईकांच्या संकुलाची काही छाया तरी जमिनीवर उतरेल अशी आशा होती. त्या केंद्रप्रमुखाचे पुढे काय झाले, हे कोणत्याही जिल्हा परिषद शिक्षकाला विचारावे. मार्गदर्शन बाजूला राहिले आणि तो माहितीचे तक्ते गोळा करणारा निरोप्या बनला. जे संकुल करून पाहिलेच नाही, ते अपयशी ठरले असे मानून शाळा बंद करणे, हा कोणता न्याय?

या प्रश्नाचा भंडाऱ्याशी काय संबंध, असे दूरच्या वाचकाला वाटू शकेल. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. १९५६ पर्यंत तो मध्य प्रदेशात होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला आणि जिल्हा आणखी लहान झाला. येथे गाव म्हणजे एकजिनसी वस्ती नसते. मूळ गाव एकीकडे, टोली दुसरीकडे, मध्ये धानाच्या बांध्या, एखादी बोडी किंवा मालगुजारी तलाव, कोठे नाला. साकोली-लाखांदूरकडे चुलबंद, तुमसरकडे बावनथडी, आणि पूर्वेला कोका-नागझिऱ्याचे जंगल. कायद्याच्या नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असली पाहिजे. नकाशावरचे एक किलोमीटर आणि श्रावणातले एक किलोमीटर यांत काय अंतर असते, ते रोवणीच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यावरून चालून पाहिल्याखेरीज कळत नाही. नाला भरला की वाट बंद. जंगलाच्या कडेला बिबट्याचे, वाघाचे भय खरे असते. त्या दिवसांत आई-बाप पहाटेपासून रोवणीवर असतात. सहा वर्षांच्या मुलीला तीन किलोमीटरवर पोहोचवायला घरी कोणी नसते. गाडीची व्यवस्था करू, असे सांगितले जाते. गाडी येते तोवर ठीक. ज्या दिवशी अनुदान थकते आणि गाडी येत नाही, त्या दिवशी मुलगी घरी राहते. दोन-चार महिने असेच गेले, की ती धाकट्या भावंडाला सांभाळायला घरीच राहते. ती शाळाबाह्य झाली हे कोणाच्याही नोंदीत येत नाही, कारण तिचे नाव समूह शाळेच्या पटावर असतेच.

आमचा जिल्हा मागासलेला म्हणून हे रडगाणे गातो, असेही कोणी म्हणू नये. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची साक्षरता जवळजवळ ८४ टक्के होती, म्हणजे राज्याच्या सरासरीहून थोडी अधिकच. मोठी शहरे नाहीत, आणि तरी ही मजल गाठली गेली. ती कोणी गाठली? गोंड, हलबा, ढिवर, कोष्टी, कुणबी, पोवार, बौद्ध अशा सर्व समाजांतील पहिली पिढी जिच्या ओट्यावर अक्षरे गिरवायला बसली, त्या गावातल्याच दोन खोल्यांच्या शाळेने. ज्या शिडीने वर आलो ती आता खर्चिक वाटते म्हणून काढून घ्यायची, तर अजून खाली उभे असलेल्यांनी वर यायचे कसे?

विरुद्ध पक्षाचे म्हणणे आम्ही डोळ्यांआड करीत नाही. सात मुलांच्या शाळेत खेळाला संघ होत नाही, बरोबरीचा सोबती मिळत नाही, एकच शिक्षक चार वर्गांना पुरा पडत नाही, हे खरे आहे. परंतु याचे औषध काय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेलाही दोन शिक्षक दिले आहेत. ते दोन शिक्षक वर्षभर शाळेत राहू द्या. निवडणुका, सर्वेक्षणे आणि माहितीचे रकाने यांतून त्यांना मोकळे करा. खेळासाठी, प्रयोगांसाठी, संमेलनासाठी आठवड्यातून एक दिवस पाच शाळांची मुले एकत्र आणा. एक दिवस गाडीने जाणे आणि रोज गाडीवर अवलंबून असणे यांत फरक आहे. नाईकांचे संकुल म्हणजे नेमके हेच. आणि जेथे खरोखरच दोन शाळा एकमेकींना खेटून आहेत, वाट सुरक्षित आहे, पालकांच्या ग्रामसभेने एकत्रीकरण मान्य केले आहे, तेथे ते खुशाल करावे. आमचा विरोध वीस या आकड्याला आहे. ज्या धोरणाला गाव दिसत नाही, नाला दिसत नाही, मुलगी दिसत नाही, फक्त आकडा दिसतो, त्या धोरणाला आहे.

नाईकांचा प्रत्येक विचार निर्विवाद होता, असेही नाही. अर्धवेळ शिक्षण, अनौपचारिक शिक्षण, कोणत्याही वयात शाळेत प्रवेश, या त्यांच्या सूचनांचा पुढे राज्यकर्त्यांनी सोयीस्कर वापर केला. कामकरी मुलांसाठी सुचवलेला मार्ग गरिबांसाठीचा स्वस्त मार्ग बनला. नाईकांना या धोक्याची जाणीव पुरेशी होती की नाही, यावर वाद होऊ शकतो. परंतु एक गोष्ट त्यांच्या शत्रूलाही नाकारता येणार नाही. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा हाती न लागणारा त्रिकोण मांडला, आणि या तिन्ही बाजू एकाच वेळी सांभाळण्याचा हट्ट त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. एका बाजूसाठी दुसरीचा बळी देणे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या मृत्यूनंतर १९८२ साली आलेल्या ग्रंथात तर त्यांनी स्वतःच्याच आयोगाच्या शिफारशींचे काय झाले, काय साधले आणि काय फसले, याचा रोखठोक ताळेबंद मांडला. आपल्याच कामाचे असे शवविच्छेदन करणारे सल्लागार आज किती आहेत?

त्या ताळेबंदातील एक आकडा आजही आमच्या तोंडावर फेकला जावा असा आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम १९८६ पर्यंत शिक्षणावर खर्च व्हावी, असे आयोगाने सुचवले. १९६८ च्या धोरणाने ते मान्य केले, १९८६ च्या धोरणाने त्याचा पुनरुच्चार केला, २०२० च्या धोरणाने पुन्हा तेच लिहिले. ६ टक्के हा आकडा देशाने कधीच गाठला नाही. मग लहान शाळा परवडत नाही, हे वाक्य कोणी आणि कोणत्या तोंडाने म्हणावे? आधी ठरलेले पैसे द्यावेत, आणि मग परवडण्याची भाषा करावी.

कोठारी आयोगाची सर्वांत धाडसी शिफारस मात्र वेगळीच होती, आणि ती आम्हा वाचकांच्या अधिक जवळची आहे. ती म्हणजे परिसर शाळा. एका परिसरातील सर्व मुले, मग ती जमीनदाराची असोत वा मजुराची, एकाच शाळेत शिकावीत. समाईक शाळापद्धती म्हणून १९६८ च्या धोरणात तिचा उल्लेख राहिला, आणि उल्लेखापलीकडे ती गेली नाही. का गेली नाही? कारण ज्यांच्या हाती निर्णय होता त्यांची मुले परिसर शाळेत जात नव्हती. ज्या शाळेत तहसीलदाराचा, डॉक्टरचा, प्राध्यापकाचा मुलगा बसत नाही, ती शाळा बंद होताना ओरडणारा कोणी उरत नाही. आज गावच्या शाळेचा पट वीसच्या खाली गेला, यामागे जन्मदर आहे, स्थलांतर आहे, तसेच पिवळ्या गाड्यांतून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाणारी मुलेही आहेत. आधी ऐपतीच्या माणसांनी शाळा सोडायची, आणि मग ती रिकामी म्हणून सरकारने बंद करायची, असे हे चक्र आहे.

येथे ख्रिस्ती समाजाने, विशेषतः शाळा चालवणाऱ्या आपल्या धर्मप्रांतांनी आणि संन्यस्त संघांनी, नाईकांच्या संकुलाकडे नव्या नजरेने पाहावे असे आम्ही आग्रहाने सुचवतो. कोठारी आयोगाचे काम चालू असतानाच, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, द्वितीय व्हॅटिकन महासभेने शिक्षणविषयक जाहीरनाम्यात प्रत्येक मानवाचा शिक्षणाचा हक्क अधोरेखित केला होता. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षणहक्क कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवणारा निकाल दिला. संविधानाने दिलेला हक्क मोलाचा आहे आणि तो राखलाच पाहिजे. परंतु कायदा भाग पाडत नाही म्हणून प्रेमानेही काही करू नये, असे शुभवर्तमानात कोठे लिहिले आहे? मिशनच्या एखाद्या माध्यमिक शाळेने आसपासच्या आठ-दहा जिल्हा परिषद शाळांना आपली प्रयोगशाळा महिन्यातून दोनदा उघडी करावी. ग्रंथालयाची पेटी गावोगाव फिरवावी. विज्ञानाच्या व इंग्रजीच्या शिक्षकांनी तेथील गुरुजींसह बसून पाठ तयार करावेत. याला शासननिर्णय लागत नाही आणि परकीय कर्जही लागत नाही. सधन शाळेने निर्धन शाळेचा हात धरला, म्हणजे संकुल उभे राहिले. ते एकदा दिसू लागले, की सरकारच्या समूहाला त्याचे नाव घेणे अवघड जाईल.

आणि ज्या गावांत प्रस्ताव पोहोचले आहेत वा पुढे पोहोचतील, तेथील पालकांना आमचे सांगणे एवढेच, की गप्प बसू नये. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलवावी, वाटेचे अंतर पावसाळ्यात मोजावे, नाल्यांची आणि जंगलाची नोंद करावी, मुलींची नावे लिहावीत, आणि ग्रामसभेचा ठराव लेखी स्वरूपात जिल्हा परिषदेकडे धाडावा. कोणी अधिकारी कोठारी आयोगाचे नाव घेऊन समजवायला आला, तर त्याला आदराने खुर्ची द्यावी आणि विचारावे, की साहेब, त्या आयोगाच्या संकुलात लहान शाळेला कुलूप लावा असे कोठे सांगितले आहे, ते आम्हाला दाखवा.